चिंधीचा शिकाऊ परवाना

बाजारात भामाबाईला फसवणं अवघड होतं. शेळगावच्या शिवारातल्या वस्तीवरून ती वांगी, गवार, मेथी घेऊन इंदापूरच्या आठवडी बाजाराला जायची. तिच्या पाटीपुढं उभं राहून कुणी कितीही घासाघीस केली, तरी शेवटी तिनं सांगितलेल्या भावालाच पिशवी पुढं यायची. नवरा सावळाराम वारला तेव्हा दीर-भाऊबंदांनी जमीन खंडानं कसायला मागितली. तिनं दिली नाही. दोन एकर बागायत एकटीच्या हिमतीवर धरून ठेवली. कालव्याच्या पाटकऱ्याशी भांडून पाण्याची पाळी घ्यावी, बैल आजारी पडला तर त्याच्या तोंडात हात घालून औषध पाजावं, दारात साप निघाला तर फावड्यानं उचलून बांधाला टाकावा, असा तिचा कारभार.

तिला भीती वाटायची ती फक्त दोन शब्दांची. ‘माझा मुलगा’ हे दोन शब्द तिनं अठरा वर्षांत एकदाही तोंडातून काढले नव्हते.

याला कारण होतं. तिला लागोपाठ तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. पहिला तीन महिन्यांचा होऊन गेला, दुसरा दात येताना गेला. तिसरा दीड वर्षांचा झाला, घरभर चालायला लागला, आणि मानमोडी तापाच्या साथीत दोन दिवसांत गेला. त्यानंतर १९१९ सालच्या मार्गशीर्षात चौथं बाळंतपण झालं. सुईण होती सरुबाई, शेजारच्याच वस्तीवरची. बाळ हातात येताच तिनं बाहेर बसलेल्या सावळारामला हाक दिली, “पोरगी झाली रं! चिंधी झाली, चिंधी!”

ती हाक सावळारामसाठी नव्हतीच. मुलगे उचलून नेणारा जो कुणी असेल त्याच्या कानावर ती पडावी, म्हणून सरुबाई घसा ताणून ओरडली होती. मुलगी म्हटल्यावर आणि त्यातही चिंधी म्हटल्यावर तो या घराकडं पुन्हा बघणार नाही, असा हिशेब. बाळाचं नाक टोचलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्याला गुंडाळलं आणि कोपऱ्यात नकोशा वस्तूसारखं ठेवून दिलं.

सावळाराम सरळ माणूस. चार दिवसांनी पाटलाकडं जन्माची नोंद सांगायला गेला, तेव्हा त्यानं तिथंही तेच सांगितलं, “मुलगी. नाव चिंधी.” घरी आल्यावर भामाबाईनं विचारलं, “सरकारला बी?” तर म्हणाला, “मग? हितं एक आन् तितं एक सांगितलं, तर त्याला कळंल की.”

पोर जगलं. पाच वर्षांनी जावळ काढलं आणि मामानं त्याचं नाव जोतीराम ठेवलं. बाजूच्या गावच्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी नेहमीची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. पोर अंगानं बारीक. बोटं कानापर्यंत पोचेनात. मास्तरांनी वर्ष दीड वर्ष थांबवलं आणि नंतर अंदाजानं जन्मतारीख लिहिली, १ जून १९२०. त्या शाळेत निम्म्या पोरांचा जन्म एक जूनलाच झालेला होता. कुणाचं काही अडलं नाही.

भामाबाईच्या तोंडी मात्र जोतीराम हे नाव कधी आलं नाही. “चिंधे, भाकरी खाऊन घे.” “आमची चिंधी आली का वो मोटारीतनं?” मुलाला मिसरूड फुटलं, आवाज फुटला, खांदे तिच्या डोक्याच्या वर गेले, तरी तिची चिंधी ती चिंधीच. नाक्यावरची माणसं टवाळी करत. “चिंधे, मिशी आली की गं तुला! आता उजवायला पायजेल.” जोतीराम हसून सोडून द्यायचा. आपण एवढ्या मोठ्या खोटेपणावर जगलो आहोत, हे त्याला लहानपणीच कळलं होतं. ते खोटं आई कशासाठी सांभाळते, तेही कळलं होतं.

पंधराव्या वर्षी तो मोटारीवर गेला. इंदापूरच्या आप्पासाहेबांची इंदापूर–बारामती सर्व्हिस मोटार होती. तिच्यावर संभाजी नावाचा ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, बोलण्यात तिखट आणि हाताला अतिशय हळुवार. मोटार धुणं, रेडिएटरमध्ये पाणी घालणं, पुढं उभं राहून हँडल मारणं, चढाला मोटार थांबली की चाकामागं दगड लावणं ही जोतीरामची कामं. तीन वर्षं त्यानं ती केली आणि करता करता संभाजीच्या पायांकडं बघत राहिला. कोणता पाय कधी दाबतो, कधी सोडतो, गिअर पडताना खांदा किती हलतो, हे त्याला पाठ झालं. मोटार अंगणात उभी असताना तो आत बसून तेच हातवारे करायचा. संभाजीनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाला, “इंजन बंद असल्यावं समदेच ड्रायव्हर असत्यात, बाळ.” पण दुसऱ्या दिवशी त्यानं आप्पासाहेबांच्या मोकळ्या रानात त्याला खरंच चाक धरायला दिलं.

१९३८ च्या सुरुवातीला आप्पासाहेबांनी एक लॉरी घेतली. मळ्यांतला भाजीपाला, केळी, गूळ भरून बारामती स्टेशनला पोचवायचा विचार होता. लॉरीला ड्रायव्हर हवा होता.

“पोरगं हुशार हाय, मालक,” संभाजी म्हणाला. “पयले सहा म्हैने मी शेजारी बसतो. माझ्या मोटारीवर तवर दुसरा बघा.”

आप्पासाहेब म्हणाले, “बसा की. पण रस्त्यावर चाक धरायचं तर सरकारी कागद पायजेल. शिकाऊ परवाना काढून दे म्हणावं. पुढच्या आठवड्यात परवाने देणारे पुण्याचे साहेब इंदापुरात मुक्कामाला हायेत. त्या दिवशी कागद झाला तर जागा त्याची. न्हायतर माझ्या मेव्हण्याचा पोरगा एकवीस वर्षांचा घरात बसून हाय, त्याला बसवतो. लॉरी काय दारात शोभेला ठेवायची न्हाय.”

परवान्याला अठरा वर्षं पुरी लागत. शाळेच्या दाखल्याप्रमाणं जोतीरामला अठरा व्हायला अजून चार महिने होते. जन्माच्या नोंदीप्रमाणं मात्र ती मार्गशीर्षातच पुरी झाली होती. जोतीरामनं मामलेदार कचेरीतून नोंदीची नक्कल काढली. तारीख बरोबर होती, ११ डिसेंबर १९१९. बापाचं नाव बरोबर होतं. पुढं लिहिलं होतं, मुलगी, नाव चिंधी.

नक्कल देणारा कारकून हसून हसून खोकायला लागला. बाहेर संभाजी वाट बघत होता. कागदावर काय लिहिलंय ते ऐकून तो हसला नाही. म्हणाला, “आईचा जबाब द्यावा लागंल. चिंधी म्हंजे जोतीराम, आमचा मुलगा, एवढंच साहेबापुढं सांगायचं. झालं.”

“एवढंच न्हवं ते, संभाजीतात्या,” जोतीराम म्हणाला.

घरी त्यानं विषय काढला तेव्हा भामाबाई गवार निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

“मी न्हाय बोलायची.”

“आये, येकदाच. साहेबापुढं.”

“येकदाच बोलले न्हाय म्हणून तर तू हायस. त्यो ऐकतोय.”

“कोण?”

“नाव काढू नगंस त्याचं.”

जोतीरामचा तोल सुटला. “अठरा वर्सं झाली! मला मिशी आली. त्याला काय अजून दिसली न्हाय व्हय?”

“दिसली नसंल,” भामाबाई शांतपणे म्हणाली. “तिघांना मी माझं म्हणाले. सगळ्या वस्तीला हौसंनं दाखवत फिरले. पुढं सांगायला नगं.”

जोतीराम खाली बसला आणि तिच्याबरोबर गवार निवडायला लागला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “मोटार धुतोय, तीच धुईन. तुझा जीव टांगणीला लावून मला न्हाय चाक धरायचं.” आणि खरंच, त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. चिडला नाही, जेवण टाकलं नाही. सकाळी उठून नेहमीसारखा गेला.

त्यानं भांडण केलं असतं तर भामाबाईला सोपं गेलं असतं. भांडणात ती कुणाला हार जायची नाही. पण दोन दिवस तिनं त्याला गुपचूप जाताना आणि गुपचूप येताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती सरुबाईच्या वस्तीवर गेली.

“तू सांगशील का साहेबाला? तुझ्याच हातानं झालंय ते. तू बोललीस तर मी न्हाय बोलल्यासारखं.”

सरुबाई आता सत्तरीला आली होती. तिला ही कल्पना एकदम पसंत पडली. “साहेबाला काय, लाटसाहेबाला सांगते! समदं सांगते, पहिल्या कळंपासनं!”

“तेवढं नगं,” भामाबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी इंदापूरच्या सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. साहेब आत, कारकून बाहेर. आधी जोतीरामला आत बोलावलं. उजवीकडं वळताना हात कसा दाखवायचा, थांबताना कसा, शाळा सुटली असेल तर काय करायचं, बैल बुजला तर काय करायचं, असं साहेबांनी विचारलं. बैलाचं उत्तर ऐकून साहेब म्हणाले, “हे पुस्तकात नाही, पण बरोबर आहे.” मग त्यांनी त्याला कागदांसाठी कारकुनाकडं पाठवलं.

कारकून नीटनेटका माणूस होता. त्यानं दाखला एका बाजूला ठेवला, नक्कल दुसऱ्या बाजूला.

“दाखला जोतीरामचा. त्याप्रमाणं वय कमी पडतं. नक्कल चिंधीची. त्याप्रमाणं वय पुरतं, पण चिंधी मुलगी. आता तुम्ही मुलगी आहात का?”

व्हरांड्यात आणखी पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. जोतीराम कानापर्यंत लाल झाला.

“त्येच सांगायला आले मी!” सरुबाई पुढं झाली. “मीच वरडले पोरगी म्हणून. माझ्या ह्या हातात—”

“आपण आई का?”

“मी सुईण. आई ही.”

“मग आपण मागं बसा. सुईणीचा जबाब चालायचा नाही.” कारकुनानं भामाबाईकडं पाहिलं. “तुम्ही याच्या कोण?”

भामाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. “मी... ह्याच्या घरची.”

“घरची म्हणजे? मावशी, आत्या?”

संभाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

कारकून कंटाळला नव्हता, पण त्याच्यापुढं अजून माणसं होती. त्यानं नक्कल पुन्हा वाचली. “बाई, मला एवढंच सांगा. सावळारामला एकोणीस साली झालेली मुलगी चिंधी आज कुठं आहे? लग्न होऊन गेली?”

भामाबाईनं जोतीरामकडं पाहिलं.

“मग मयत झाली असेल. तसं असेल तर सरळ सांगा, म्हणजे घोळ राहणार नाही. चिंधी मयत, हा मुलगा तिच्या पाठचा. दोघांत सहा महिन्यांचंच अंतर दिसतं, पण शाळेची तारीख अंदाजाचीच असते. याचं वय शाळेच्या दाखल्याप्रमाणं. याला जूनमध्ये पाठवा.” त्यानं टाक दौतीत बुडवला आणि लिहायला हात टेकवला. “चिंधी, मयत...”

“नगं!”

भामाबाईनं टेबलावर झेप घेऊन कागदावर पालथा पंजा ठेवला. टाकाची शाई तिच्या बोटांवर सांडली.

“मयत लिवू नका! कोण म्हणतं मयत? ह्यो काय तुमच्यापुढं उभा हाय! ह्यो माझा मुलगा हाय! नऊ म्हैने मी पोटात वाढवलाय ह्याला. ह्योच चिंधी. ह्योच जोतीराम. पोरगी म्हणून आमीच लिवलं, नवऱ्यानं लिवलं, ह्यो जगावा म्हणून लिवलं. काय दंड करायचा त्यो मला करा, पण माझ्या मुलाच्या नावापुढं त्यो शब्द लिवायचा न्हाय!”

आतून साहेबही दारात आले. कारकुनानं शांतपणे कोरा कागद घेतला. “हेच हवं होतं, बाई,” तो म्हणाला. “आता सावकाश सांगा, मी लिहून घेतो.”

सांगायचं काही राहिलं नाही तेव्हा तिनं अंगठा उठवला. साहेबांनी खाली सही केली. अर्ध्या तासानं जोतीरामच्या हातात शिकाऊ परवाना आला. त्यावर त्याचं नाव होतं आणि शेजारी परवानाधारक ड्रायव्हर बसलेला असलाच पाहिजे, अशी अट होती.

बाहेर आल्यावर संभाजी म्हणाला, “वयनी, लई मोठं काम केलंसा.” भामाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती आभाळाकडं पाहत होती.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. जोतीराम रोज लॉरी घेऊन बारामतीला जायचा, संभाजी शेजारी असायचा, आणि दुपारी दोनच्या सुमाराला लॉरी परत येताना वस्तीच्या फाट्यावर भोंगा वाजायचा. तो वाजेपर्यंत तिच्या पोटात अन्न जायचं नाही. कुणी म्हणालं, चार लिंबं उतरून टाक, तर तिनं टाकली नाहीत. “आता काय उपेग,” म्हणाली. “जे बोलायचं ते बोलून बसले.” पण ‘उद्या जाऊ नकोस’ असंही ती एकदाही म्हणाली नाही. पहाटे उठून त्याची भाकरी बांधायची, लॉरीचे दिवे दिसेनासे होईपर्यंत फाट्यावर उभी राहायची आणि मग कामाला लागायची.

नवव्या दिवशी भोंगा वाजला नाही. दोनाचे तीन झाले, तीनाचे चार. भामाबाईनं खुरपं बांधावर टाकलं आणि बारामतीच्या रस्त्यानं चालायला लागली. अंथुर्ण्याच्या बाजूला रस्ता सरळ होता आणि मोकळा होता. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याला तिनं विचारलं नाही. त्यानं काय सांगितलं असतं, ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

तीन मैलांवर लॉरी दिसली. रस्त्याच्या कडेला एका अंगावर कललेली. जवळ कुणी नव्हतं. लॉरीखालून दोन पाय बाहेर आले होते. चपला तिनंच गेल्या बाजारात घेतल्या होत्या.

भामाबाई जागच्या जागी खाली बसली. तिच्या तोंडून हाक आली, “जोतीराम!”

पाय हलले. लॉरीखालून ग्रीसनं माखलेलं तोंड बाहेर आलं. “आये? हितं कशी तू?”

“पंक्चर झालंय,” पलीकडून संभाजी चाक ढकलत येत म्हणाला. “दोनदा. वयनी, पोराला सांगा, खिळं बघून चालवायला.”

भामाबाई उठली आणि तिनं जोतीरामच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. “मोटारीखाली निजतोस व्हय रं! मोटारीखाली!” मग दुसरा घातला. जोतीराम हसत होता, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आईनं त्याला नावानं हाक मारली होती.

चाक बसलं. संभाजी म्हणाला, “चला, बसा आता. चालत कुठं जाता?” आयुष्यात मोटारीत न बसलेली भामाबाई पायरीवर पाय ठेवून वर चढली. एका बाजूला संभाजी, एका बाजूला मुलगा, मध्ये ती. जोतीरामनं हँडल मारलं, येऊन चाक धरलं, आणि लॉरी हलली.

“आता पोरगं भ्यायलं बगा,” संभाजी म्हणाला. “साहेबापुढं न्हाय भ्यायलं येवढं.”

इंजिनाचा आवाज मोठा होता, धूळ आत येत होती. भामाबाई रस्त्याकडं पाहत नव्हती. ती चाकावरच्या त्याच्या हातांकडं पाहत होती.

“तुझ्या थोरल्याचं नाव जयवंता व्हतं,” ती म्हणाली.

जोतीरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. घरात त्या तिघांचा विषय कधी निघाला नव्हता. त्यांना नावं होती हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

“त्याच्या पाठचा गेणू. त्याचं केस लई दाट व्हतं, तुझ्यावानी. तिसरा बिरू. त्यो चालायचा.”

जोतीरामनं पाय थोडा उचलला. लॉरीचा वेग उतरला आणि त्याबरोबर आवाजही उतरला.

“कुठवर चालायचा?” त्यानं विचारलं.

“उंबऱ्यापतुर. उंबरा येंघता यायचा न्हाय. मग बसून वरडायचा.” तिला हसू आलं. “बाप म्हणायचा, ह्यो पाटकरी व्हणार, सारखा वरडतोय.”

संभाजी बाहेर बघत राहिला. रिकामी लॉरी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. मागून एक सायकलवाला आला, घंटी वाजवून पुढं निघून गेला आणि वळून हसला. शिकाऊ ड्रायव्हरला एरवी संभाजीनं चार शब्द सुनावले असते. भामाबाई बोलत होती, जोतीराम मध्ये मध्ये विचारत होता, आणि फाटा आला तेव्हा त्यानं लॉरी थांबवली, पण इंजिन बंद करून तिचं बोलणं संपेपर्यंत तिघंही तिथंच बसून राहिले.